उभी गाडी ऑइल पिते

सांगून कोणाला पटायचं नाही, पण मेस्त्रीच्या धाकट्या बहिणीची जुनी गाडी उभ्या-उभ्या इंजिन ऑइल प्यायची, तेही पट्टीच्या पिणाऱ्यासारखं! धूर नाही, गळती नाही. मेस्त्रीने पिस्टनच्या रिंगा बदलल्या, व्हॉल्व्हची सीलं बदलली, गाडी गॅरेजात कुलूपबंद ठेवली. तरी रोज सकाळी डिपस्टिकवर ऑइल बोटभर उतरलेलं.

किल्ली एकट्या मेस्त्रीच्या खिशात.

उद्या बहीण याच गाडीतून मुलांना घेऊन घाट उतरणार होती. वाटेत इंजिन जाम झालं तर? ऑइल आजही उतरलं होतंच, पण हार कबूल करायची मेस्त्रीला लाज वाटली.

“झाली गं ठणठणीत,” तो हसून म्हणाला. “कालपासून थेंबभरही कमी नाही.”

बहीण त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

“खोटं बोलतोस, दादा. दात कशाने काळे झालेत तुझे?”