लोशाचा जीव कुठे राहिला

"ये लोशा, ये गं. नको बसूस त्या गार पाण्यात. चल घरी." गावची वैदू, म्हातारी कताल, ओढ्याच्या काठावर फांदी आपटत होती. एवढ्या जोरात, की पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या माना वर करून बघायला लागल्या, आपल्यालाच बोलावणं आलं की काय म्हणून.

लोशा तिथेच उभी होती, आईचा, पश्कूचा, हात धरून. पण ती कुठली लोशा! सहा वर्षांची पोर, ओढ्यात पडली आणि दुसऱ्या सकाळपासून तोंडातून शब्द नाही. खायला दिलं तर खायची, ऊठ म्हटलं तर उठायची. बापाला हाक नाही, तान्ह्या भावाकडे बघणं नाही. कमरेला पट्टा बांधून इवल्याशा मागावर चार बोटं रुंदीची पट्टी विणायला नुकती शिकली होती. तर आता मागाच्या काठ्या हातात धरून नुसती बसायची, जन्मात सूत पाहिलं नसल्यासारखी. पोरीचं सगळं पुसलं गेलं, असं जो तो म्हणायचा.

आणि कारणही ज्याला त्याला ठाऊक होतं. लहान पोरांचा जीव म्हणजे बाजारातून आणलेली नवी कोंबडी. घराला सरावलेला नसतो. दचकला की उडाला, आणि जिथे दचकला तिथेच बसून राहिला. मग त्या जागी जायचं, जमीन बडवायची, नाव घेऊन त्याला बोलवायचं.

त्या वर्षी ओढाही असा पिसाळला होता, की सगळ्या चियापास मुलुखात कुणी तसा पाहिला नसेल. पीचचं आख्खं झाड मुळासकट वाहत आलं, आणि त्याच्या फांद्यांवरचे पक्षी उडायचं सोडून गात बसलेले. ओढ्यावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावरून पलीकडे जाताना पश्कूचा पाय सटकला. ती, हाताशी लोशा, पाठीला बांधलेला तान्हा, सगळीच पाण्यात. तिच्या नवऱ्याने, पेतुलने, हाताला लागेल ते धरून एकेकाला बाहेर ओढलं. संध्याकाळी दोन्ही पोरं तापाने फणफणली. तान्ह्याचा ताप उतरला, दूध ओढायला लागला. लोशाचाही उतरला. पण लोशा काही परत आली नाही.

"आज तरी येईल ना, आजी?" पश्कूने विचारलं.

कतालने पोरीचं मनगट धरलं. नाडीवरून तिला तुमच्या सासूने काल काय खाल्लं तेसुद्धा कळायचं. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग तिची नजर देवासाठी आणलेल्या उसाच्या दारूवर गेली.

"पेतुल, बाटली अर्धी कशी रे?"

"वाऱ्याने उडाली असेल, आजी."

"बूच लावलेल्या बाटलीतली? मोठा गुणाचा वारा आहे तुमच्याकडचा." तिने मनगट सोडलं. हसू मावळलं. "पश्कू, पाणी म्हणतंय, माझ्याकडे नाही."

"नाही म्हणजे?"

"इथे नाही ती."

"इथेच आहे!" पश्कू धावत पाण्यात शिरली. हाताला येईल तो दगड उचलून ओढ्याला मारायला लागली. "कोंबड्या घेतल्यास, मेणबत्त्या घेतल्यास, मेल्या, अजून काय पाहिजे तुला? मला घे की! मला ने आणि माझी पोर दे!"

पेतुलने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "पुरे गं. असेल आपलं नशीब."

"तू बाटलीशी बोल, माझ्याशी नको." ती चिखलात बसली. दगड मारून मारून बोटं सोलली होती. "मोठी होईल, लग्नाची होईल, आणि मला आई म्हणून ओळखणारसुद्धा नाही. त्यापरीस..." पुढचं तिने गिळलं.

लोशाने जवळ येऊन कतालच्या हातातली फांदी घेतली आणि चालायला लागली.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. ओढ्याकडे वळूनही न बघता ती मक्याच्या शेतातून वर निघाली. "अगो, चालली बघ!" म्हणत पश्कू चिखलाचा घागरा सावरत मागे धावली. कतालही धावली, आणि कताल धावते हे गावातल्या कुठल्याच जिवंत माणसाने पाहिलेलं नव्हतं.

लोशा थेट घरात शिरली. मका दळायच्या पाट्यामागे, देवाच्या चौरंगापाशी, जिथे चटई अंथरलेली असायची तिथे थांबली. आणि फांदी जमिनीवर आपटायला लागली.

"इथे?" कतालने दम घेत विचारलं. "इथे कधी गं दचकली ही?"

"इथे कशाला दचकेल, आजी? ओढ्यावरून आणून इथेच तर निजवली होती. डोळे मिटून पडलेली, तापात. पेतुल तुम्हाला बोलवायला गेलेला. घरात मी एकटी. तान्हा मांडीवर घेतलेला, त्याला श्वास घेता येत नव्हता, म्हणून मी देवापाशी..."

पश्कू बोलता बोलता थांबली.

"ती झोपली होती," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "एवढ्याशा पोरीला काय कळणार?"

लोशाने फांदी खाली ठेवली आणि हात जोडले. सगळं गाव ज्याची वाट बघत होतं तो आवाज त्या घरात उमटला. बारीक, घोगरा. पण ढब आईची, हुंदका आईचा, मधेच नाक ओढणंही आईचंच.

"देवा, एकाला न्यायचंच असेल तर हिला ने. माझ्या पोराला ठेव."