वाडग्यातला भात

मेसचा ठेकेदार अविराज भागूबाईला उद्यापासून कामावर येऊ नका म्हणून सांगत होता, तेव्हा प्रगती चार पावलांवर मायक्रोवेव्हसमोर उभी होती. आत काचेच्या वाडग्यात तिचा भात शिजत होता. अजून सहा मिनिटं बाकी होती. तिच्या मागं पाच-सहा मुली आपापले वाडगे घेऊन रांगेत थांबल्या होत्या.

अविराज तसा वाईट माणूस नव्हता. नीट समजावून सांगत होता. बारामतीच्या या होस्टेलवर मागच्या वर्षी सव्वाशे मुली मेसला जेवायच्या, आता जेमतेम चाळीस उरल्या होत्या. तेवढ्यांच्या चपात्यांना तीन बायका लागत नव्हत्या. जी सगळ्यात शेवटी कामाला लागली तिलाच थांबवावं लागणार होतं. भागूबाई कणकेचे हात पदराला पुसत ऐकत होती.

मुलींची मेस सुटली ती प्रगतीमुळे. हा मायक्रोवेव्ह माजी विद्यार्थिनींनी दिलेला. दुसऱ्या मजल्यावर तो नुसता पडून असायचा, फार तर कुणी दूध तापवायचं. प्रगती त्यात जेवण करू लागली. बटाट्याला काट्यानं टोचे मारून पाच-सहा मिनिटं ठेवला की तो उकडून निघायचा. मगमध्ये अंडं, कांदा, मिरची फेटून ठेवली की दीड मिनिटात आम्लेट फुगून वर यायचं. मग पोहे झाले, मुगाच्या डाळीची खिचडी झाली. तिच्या खोलीतली अफशीन सुप्याची. तिनं सगळ्या कृती वहीत उतरवल्या आणि होस्टेलच्या ग्रुपवर टाकल्या. एकेक करत मुलींनी मेस बंद केली. गर्दी वाढल्यावर रेक्टर मॅडमनी मायक्रोवेव्ह खाली मेसच्या हॉलमध्ये आणून ठेवला. सगळ्याजणी प्रगतीचं कौतुक करायच्या. हे तिनं कशापायी सुरू केलं ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

भागूबाई तिची आई होती.

प्रगतीचे वडील गेले, मेंढरं विकली गेली, आणि दिवाळीनंतर भागूबाई डाळजहून बारामतीला आली. लेक राहते तिथंच चपात्या लाटायचं काम मिळालं म्हणून ती खूश होती. पहिल्याच दिवशी प्रगतीनं तिला भांडी घासायच्या जागेमागं गाठलं. आई अंगणवाडीत बाई आहे, असं तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. इथं मला ओळख दाखवू नको, एवढंच ती म्हणाली. भागूबाईनं मान हलवली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. बाकीच्या मुलींसारखं लेकीलाही ती ताई म्हणू लागली. पण वाढताना तिचा हात ऐकायचा नाही. प्रगतीच्या ताटातल्या चपातीला तेवढं तूप असायचं. मावशी तुझ्याच चपातीला तूप कसं काय लावतात, असं अफशीननं एकदा सहज विचारलं. त्या दिवसापासून प्रगती मेसला जेवली नाही.

भागूबाईनं अविराजशी वाद घातला नाही. खुंटीवरची पिशवी काढली, लाटणं-पोळपाट धुऊन जागेवर ठेवलं आणि दाराकडं निघाली. मायक्रोवेव्हसमोरून जाताना तिनं मान वळवली नाही. प्रगतीनं बटण बंद केलं आणि आईच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिली.

यांना काढू नका, मी उद्यापासून मेसला येते, सगळ्यांना घेऊन येते, असं ती अविराजला एका दमात सांगून गेली. अविराज गोंधळला. मेसची बाई हिची कोण लागते, ते त्याला कळेना. तसं त्यानं विचारलं. अफशीन हातात वाडगा धरून बघत होती.

"आई आहे ती माझी," प्रगती म्हणाली.

एवढं बोलायला तिला चार महिने लागले होते. तिला रडू आलं, पण हलकंही वाटलं. अविराजचा चेहरा बदलला. इथं शिकणाऱ्या मुलीची आई असेल तर मी काहीतरी मार्ग काढतो, हे आधीच सांगायचं होतं, असं तो भागूबाईला म्हणाला. खरंच तुमची मुलगी का, असंही त्यानं विचारलं.

भागूबाईनं प्रगतीकडं पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच, चारचौघांत, अगदी डोळे भरून पाहिलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"न्हाय ओ मालक," ती म्हणाली. "माझी पोरगी माझ्या हातचं खाती."