पुरुषांचं रक्त

नाकावर माशी बसू न देणाऱ्या माईंना संशय होता, की नातू आपल्या घराण्याचा नाहीच. मुलाला कळू नये म्हणून त्यांनी नातवाची लाळ आपल्या धाकट्या दिराच्या लाळेसोबत तपासायला पाठवली. बापाकडून मुलाकडे जाणारा वंशगट घरातल्या सगळ्या पुरुषांचा एकच असतो म्हणे.

"जुळला नाही! म्हणत नव्हते मी?" माईंनी रिपोर्ट सुनेपुढे आपटला.

सुनेनं शांतपणे दुसरा रिपोर्ट ठेवला. "हा तुमच्या मुलाचा. बापलेक तंतोतंत जुळतात. वेगळे आहेत ते काका, तुमचे दीर."

माईंचा दीर माईंवरच उसळला. "वहिनी, माझ्या भावाला फसवलंत तुम्ही?"

"जीभ झडेल, भावजी!" माईंच्या तोंडचं पाणी पळालं.

कोपऱ्यातल्या खाटेवर माईंच्या सासूबाई इतका वेळ बहिऱ्यासारख्या पडून होत्या. त्यांनी भिंतीकडे कूस बदलली.

"तिला बोलू नकोस रे. तिचा नाही दोष."