सरळ उभा पत्रा

गडहिंग्लजच्या रामलिंग लोहारानं लेकीच्या नेमबाजीच्या सरावासाठी जाड लोखंडी पत्र्याचं निशाण बनवलं आणि घरामागच्या परड्यात उभं केलं. रेवतीच्या एअर रायफलचा छर्रा त्यावर टण्णकन वाजला की हातातलं काम थांबवून तो ऐकत राहायचा. तिसऱ्याच दिवशी एक छर्रा पत्र्यावरून उलटा आला आणि तिच्या उजव्या डोळ्यात घुसला. डोळा गेला.

दवाखान्यात तिचे प्रशिक्षक भेटायला आले. खाटेशी बसून त्यांनी रामलिंगला हळूच विचारलं, "पत्रा पुढं झुकवून लावला होता ना? छर्रा जमिनीकडं जावा म्हणून मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं होतं."

रामलिंग खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आयुष्यभराच्या सवयीनं त्यानं काटकोन तपासायचा गुण्या लावून पत्रा अगदी सरळ उभा जोडला होता.

"झुकवलाच होता, सर," पट्टीखालून रेवती म्हणाली. "मीच सेफ्टीचा चष्मा न लावता फार जवळनं मारलं."

सर निघाले तसा रामलिंग मागोमाग धावला. जिन्यात त्यानं त्यांचा हात धरला. "सर, पोरगी खोटं बोलली. चूक माझी हाय."

"ठाऊक आहे. मी घरी जाऊन पत्रा बघून आलोय," सर म्हणाले. "पण मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका. आपण बापाला सांभाळून घेतलं, एवढं तरी तिच्याकडं राहू द्या."

रामलिंग तिथंच पायरीवर बसून पोटभर रडला. मग तोंड धुऊन आत गेला.

"सर काय म्हणाले, आबा?"

"काय नाही. लवकर बरी हो म्हणाले."