चाळीस पावलांची खाच

“छरा नको, मास्तर. एकगोळी मारायचीय,” काळुरामशेट म्हणाले आणि बारा बोअरची जुनी बंदूक त्यांनी बाकावर आडवी ठेवली.

गुणाजींनी आधी लायसन पाहिलं, मग बंदूक मोडून नळीत डोकावले. वागळे इस्टेटमधल्या या गाळ्यात बंदुका दुरुस्त करता करता त्यांचे केस पिकले होते. नळीच्या टोकाला नेम धरायची पितळेची माशी होती, मागे काहीच नव्हतं. छऱ्यांना तेवढं पुरतं. छरे पसरतात, नेम जरा हुकला तरी चालतो. एकच गोळी मारायची तर मागेही खाच हवी. खाचेच्या मधोमध माशी दिसली, की गोळी जागेवर.

“किती लांबून?”

“चाळीस पावलं. आमच्या ओट्यापासून धनेशच्या ओट्यापर्यंत. मी सोता मोजलीत.”

गुणाजींचा हात नळीवरच राहिला. धनेश म्हणजे काळुरामशेटचा धाकटा सख्खा भाऊ. मानपाड्याला दोघांचे बंगले समोरासमोर, आणि जमिनीवरून बारा वर्षं बोलणं बंद. एकदा कोयते निघालेले, ते पेपरातही आलं होतं.

“डुक्कर येतात का अंगणात?” त्यांनी हसत विचारलं.

काळुरामशेट हसले नाहीत. “काय मारायचंय ते आधी तोंडातून काढायचं नाय. देवीचा मामला हाय. तुम्ही खाच बसवा.”

“पळतं की उभं?”

“उभं. छातीच्या उंचीला. हलणार नाय.”

“मग छऱ्यांनी पण—”

“छरे आजूबाजूला लागतात, मास्तर. एकालाच लागलं पायजे.” ते उठले. “खंडेनवमीला न्यायला येतो. दसऱ्याला सगळं मिटवून टाकायचंय. धनेशला पण निरोप धाडलाय.”

त्या दुपारी गुणाजी डबा न उघडताच घरी आले. रंगूबाईंचे नवरात्राचे उपास चालू होते. घटाला पाणी घालता घालता त्यांनी नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं.

“पोलिसांत जाऊ म्हणतो,” गुणाजी म्हणाले.

“जाऊन सांगाल काय? लायसन खरं, माणूस मोठा. त्यानं कुठं म्हटलंय कुणाला मारतो म्हणून?”

“मग बंदूक परत देतो. नाही जमत म्हणतो.”

“नि तो कल्याणला जाईल. तिथला कारागीर चोख बसवून देईल.” रंगूबाईंनी समईची वात सारखी केली. त्या कधी आवाज चढवत नसत. “एक जीव आईनं तुमच्या हातात आणून दिलाय. तिनं उगाच दिला असेल का हो?”

गुणाजींनी घटाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलादाची पट्टी कापली, कानशीने तिला खाच पाडली, आणि चांदीच्या डाखाने ती नळीवर बसवली. काम देखणं झालं. फक्त खाच मधोमध नव्हती. ती त्यांनी उजवीकडे सरकवली होती, हिशेब करून, अंतर धरून. चाळीस पावलांवर गोळी नेमापासून दीड वीत उजवीकडे जाणार होती. छातीवर धरलेली गोळी खांद्याबाहेरून निघून जाईल. पहिला बार फुकट गेला, की लोक धावतील, हात धरतील. पुढचं आई बघेल.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जाणूनबुजून वाकडं काम केलं होतं.

खंडेनवमीला काळुरामशेट आले. खाच पाहताच म्हणाले, “ही एका अंगाला वाटते.”

“नळीच डावीकडे ओढते. म्हणून अशी बसवावी लागते,” गुणाजी म्हणाले. एवढं सरळ खोटं आपल्याला बोलता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मारून बघू का एकदा? दोनच काडतुसं मिळालीत.”

“कशाला वाया घालवता? डोळे झाकून भरवसा ठेवा.”

काळुरामशेटनी बंदूक कपाळाला लावली. “तुम्ही म्हणता ना, मग झालं. तुमच्या हाताला यश हाय, मास्तर.”

दसऱ्याला सकाळी गुणाजींनी लेथला झेंडूची माळ घातली, हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. मोबाइल वाजला तेव्हा ते आरती करत होते. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर हिरव्या शालूतली एक बाई, मागे बेंजोचा दणदणाट.

“मास्तर, मी दर्शना! काळुरामशेटची बायको! हे म्हणले, मास्तरांना दाखव, त्यांचा मान हाय!”

“वहिनी, काय चाललंय तिथं?”

“भाऊ एक झाले, मास्तर! आमच्यात वैर मिटलं की असंच करतात. थोरल्यानं नारळाचा बांबू धरून उभं राहायचं, धाकट्यानं तो नारळ गोळीनं फोडायचा. जिवाचा भरवसा दाखवायचा! छरा चालंल का त्याला? आणि भावजींना लांबचं नीट दिसत नाय, म्हणून तर यांनी ती खाच करून घेतली!”

“थांबवा! वहिनी, त्यांना थांबवा! खाच वाकडी आहे!”

“काय? बेंजो लय जोरात हाय, ऐकायलाच येत नाय! हे बघा, तुम्हीच बघा!”

तिने फोन वळवला. धनेशची पाठ दिसली. बंदूक खांद्याला, मान खाचेवर झुकलेली. पलीकडच्या ओट्यासमोर रोवलेला बांबू, त्याच्यावर छातीच्या उंचीला कुंकू माखलेला नारळ. आणि नारळाच्या उजव्या अंगाला, एका हाताने बांबू धरून, दीड वितीवर काळुरामशेट हसत उभे होते.