फोटोतला रोल

चिसातोच्या आजीला हल्ली घरातलं कुणीच ओळखू येत नव्हतं. रोज सकाळी वारलेल्या आजोबांच्या फोटोपुढे पहिला भात ठेवायचं तेवढं मात्र ती विसरत नव्हती. आजीच्या डोक्यातून आपण पार पुसले जायच्या आत तिला पडद्यावर दिसायचंच, असं चिसातोनं ठरवलं होतं. म्हणून जपानी कार्टूनवरून हॉलिवूडचा सिनेमा निघाला तेव्हा तिनं नायिकेसाठी तीनदा ऑडिशन दिली.

रोल गेला एका सोनेरी केसांच्या पोरीला. तिचे केस काळे रंगवले, झाली ती जपानी. चिसातोला मिळाली नायिकेची मेलेली आई. तीही नुसती फोटोत, काळ्या रिबिनीच्या फ्रेममध्ये.

"मेलेली का होईना, एक तरी खरी जपानी घेतली बाबा त्यांनी," तिचा भाऊ तेत्सुओ म्हणाला.

"गप रे. आजीनं बघितलं म्हणजे झालं."

थिएटरात नायिकेनं फोटोपुढे उदबत्ती लावली आणि अख्खा पडदा चिसातोच्या चेहऱ्यानं भरून गेला. आजी एकदम ताठ बसली.

"ही तर आपली चिसातो."

किती महिन्यांनी आजीच्या तोंडून नाव आलं होतं. चिसातोला रडूच फुटलं. "हो गं आजी, मीच आहे ती."

आजीनं तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं, पडद्याला हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी गेली हो पोर?"



दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या शेजारी चिसातोचा शाळेतला फोटो होता, आणि पुढे भाताच्या दोन वाट्या.