एक डोकं कमी

“एक डोकं कमी पडतंय, कारभारी,” वाडीची मोजणी संपवून ग्रामसेवक म्हणाला आणि पेनाला टोपण लावू लागला. “वेगळी पंचायत मिळायची नाही. वाडी राहील थोरल्या गावातच.”

कारभारीच्या मस्तकात तिडीक गेली. खडकमाळची स्वतःची ग्रामपंचायत व्हावी म्हणून त्याने सिन्नरच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या. आधी नकाशा नाही, मग साहेब नाहीत, आणि आता माणूस नाही! तोवर पाण्याचा टँकर थोरल्या गावातच रिकामा होत होता, आणि वाडीच्या बायका हंडे घेऊन माळ तुडवत होत्या. पंचायत झाली की पहिला सरपंच कारभारीच, हे सगळी वाडी धरून चालली होती. कारभारी तर स्वप्नातही सह्या करायचा.

“मानूस काय आता शेतात पेरू का?” तो खेकसला.

तेवढ्यात आतून ट्यांहां ऐकू आलं. थोरली लेक अंजली बाळंतपणाला माहेरी आली होती.

“हे धरा की!”

“ते नामपूरचं. बापाच्या गावी मोजतील.”

“मग माझं म्हनून लिवा.”

“तुमचं? या वयात?”

दारातल्या मालनबाईने कपाळावर हात मारला. “अवो, लोक तोंडात शेण घालतील! माझ्या पांढऱ्या केसांची तरी लाज धरा.”

“घालू दे. पानी तर येईल.”

थोरल्या गावचा सरपंच गोटीराम मोजणीवर नजर ठेवायला ओट्यावर येऊन बसला होता. आजवर प्रत्येक कामात त्याने पाचर मारली होती. आज मात्र तोच म्हणाला, “लिवा की, भाऊसाहेब. लेकरू घरातच हाय ना?”

कारभारीला नवल वाटलं. गोटीरामचा जावई राकेश खडकमाळातच राहायचा, त्याच्यासाठी मन वळलं असेल, अशी त्याने समजूत करून घेतली. ग्रामसेवकाने कुरकुरत नाव चढवलं. दुसऱ्या दिवशी गोटीराम दुपटं घेऊन आला आणि “कारभाऱ्याच्या पोराला” म्हणून चारचौघांदेखत देऊन गेला. वाडी पोट धरून हसली.

खडकमाळ वेगळं गाव झालं. निवडणूक लागली आणि कारभारीने सरपंचपदाचा अर्ज भरला. राकेशनेही भरला, पण त्याला विचारतो कोण!

छाननीला साहेबांनी कारभारीचा अर्ज उचलला. “अपत्यं किती?”

“दोन पोरी.”

राकेशच्या शेजारी बसलेला गोटीराम उठला. “हरकत हाय, साहेब. तिसरं लपवलं यानं. मोजनीत नाव हाय, दुपटं म्या सोता नेलंय.”

साहेबांनी मोजणीचे कागद मागवले, वाचले आणि चष्मा काढला.

“दोनाच्या वर मुलं असली तर उभं राहता येत नाही, कारभारी. नीट सांगा. हे मूल तुमचं आहे की नाही?”

इतके दिवस तो डोकी मोजत होता, मुलं मोजायचं सुचलंच नव्हतं. ‘नातू’ हा शब्द अगदी ओठांवर आला. पण नातू म्हटलं की मोजणीत पुन्हा एक डोकं कमी, आणि वाडी परत थोरल्या गावात.

खिडकीबाहेर मालनबाई वाडीतल्या बायकांना घेऊन उभी होती. वाडीत पाण्याच्या टाकीचा खड्डा त्याच आठवड्यात खणून झाला होता.

“पोरगं माझंच हाय, साहेब,” कारभारी म्हणाला.